पुडी बांधण्यापूर्वी

काष्ठौषधींच्या दुकानाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आपल्या समाजात रूढ आहेत. जे निसर्गातून आले ते अपायकारक असूच शकत नाही, अशी एका पक्षाची श्रद्धा. तर जे प्रयोगशाळेतून आले नाही ते सारे भ्रममूलक, असा दुसऱ्या पक्षाचा निर्णय. सातारच्या मोती चौकालगतच्या अशा एका दुकानात आयुष्याचा मोठा भाग व्यतीत केल्यानंतर, आणि या दोन्ही पक्षांची माणसे गल्ल्यासमोर उभी राहिलेली पाहिल्यानंतर, माझी अशी खात्री पटली आहे की दोन्ही मतांत वैगुण्य एकच आहे: ती जिनसांविषयी बोलतात, आणि जिन्नस ज्याच्या पोटात जायचा त्या माणसाला वगळतात. आमच्या दुकानाचा शिरस्ता याच्या उलट होता. ज्यांना सारा चौक अण्णा म्हणत असे ते आमचे मालक, गिऱ्हाइकाने जिनसाचे नाव उच्चारताच तराजूकडे हात नेत नसत, ‘कोणासाठी पाहिजे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असे, आणि वय काय, त्रास किती दिवसांचा, डॉक्टरांचे औषध चालू आहे काय, या उपप्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून पुडी बांधली जात नसे. या विचारपुशीने मला जे शिकवले, ते माझ्या अल्पमतीप्रमाणे येथे नमूद करीत आहे.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी नोकरीस लागलो तेव्हा दुकान दर्शनी अरुंद पण आत खोलवर गेलेले होते. भिंतींना छतापर्यंत भिडलेली फडताळे, त्यांत पत्र्याचे डबे, चिनी मातीच्या बरण्या आणि चिठ्ठ्या डकवलेले असंख्य लहान खण. मागील खोलीत लोखंडी खलबत्ता, पितळी चाळण्या व वस्त्रगाळ चूर्णासाठी मलमलीची फडकी. आणि सर्वत्र वेखंड, ओवा, कापूरकचरी व वाळा यांचा असा संमिश्र गंध की तो घरी गेल्यावरही सदऱ्याला लागून राही. गल्ल्याशेजारी शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ ग्रंथाची पाने सुटू लागलेली प्रत असे. कीर्द आणि खतावणी लिहिण्याचे काम मजकडे लगेच आले. तराजूला मात्र हात लावण्याची परवानगी फार उशिरा मिळाली. तत्पूर्वी पोती निवडणे हेच माझे काम होते. ‘अरे, नाव पाठ असलेला माणूस फसतो, वास पाठ असलेला सहसा फसत नाही,’ असे अण्णा म्हणत, आणि दिवसचे दिवस मी काड्या, साली, मुळ्या व फळे वेगळी करीत बसे.

या निवडण्यातच विद्येचा पाया होता. एकटा हिरडाच घ्या. चैत्र-वैशाखाच्या सुमारास झाडावरची कोवळी, अठळी न धरलेली फळे काढून वाळवली म्हणजे ती काळी पडून आक्रसतात, तो बाळहिरडा. त्यापुढील अवस्थेतला, कातडी कमावण्यासाठी पूर्वापार वापरात असलेला तो चांभारी हिरडा. आणि पूर्ण परिपक्व, मोठा, पिवळसर तो सुरवारी हिरडा. झाड एकच, परंतु तिघांचे गुण, भाव आणि गिऱ्हाईक निराळे. जावळी आणि पाटणच्या डोंगरांतून ही फळे घेऊन येणारी माणसे अंधारातही नुसत्या बोटांनी हा भेद सांगत, आणि अण्णा त्यांना पाट मांडून बसवीत. कारण औषधाचा पहिला जाणता हा तो वेचणारा मनुष्य होय, असे त्यांचे मत होते. सुंठ अतिशुभ्र दिसली की ती चुन्यात घोळलेली आहे असे समजावे. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी झालेली दालचिनी आणि बाजारात सर्रास मिळणारी जाड, एकेरी सालीची दालचिनी या दोन भिन्न वृक्षांच्या साली असून जाड सालीत कुमारिन हे यकृतास त्रासदायक द्रव्य अधिक असते. शंखपुष्पी या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात: हे सर्व कळल्यावर ‘अमुक वनस्पती गुणकारी आहे’ या वाक्याला, ‘ती कोणती, कोणत्या झाडाची, कोणत्या ऋतूत काढलेली’ हे ठरल्याखेरीज काहीच अर्थ नाही, हे मनावर ठसले.

ओळखीनंतर मात्रा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक, दशमान वजने येऊन पुष्कळ काळ लोटल्यावरही, आमच्या दुकानात बोलण्यात शिल्लक होते. परंतु मात्रेचा खरा कारभार स्त्रियांच्या हाती होता. बारशाच्या सुमारास घरातील आजी बाळगुटीचे साहित्य न्यायला येई: हिरडा, बेहडा, सुंठ, हळकुंड, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, वावडिंग, डिकेमाली, खारीक, बदाम. हे सर्व कुटून चमच्याने पाजण्याचे नव्हतेच. सहाणेवर आईच्या दुधात प्रत्येक जिन्नस उगाळायचा, कशाचे दोन वळसे, कशाचा एकच, आणि जायफळाचा तर केवळ स्पर्श. मुलाचे पोट फुगले तर मुरुडशेंगेचा वळसा वाढे, शौचास पातळ झाले तर हिरड्याचा कमी होई. एवढ्या अल्प प्रमाणात, इतक्या निरीक्षणपूर्वक, रोज त्या बालकाकडे पाहून ठरवलेली मात्रा हीच त्या प्रथेतील आदरणीय गोष्ट होती.

तरीही त्या प्रथेची सीमा आम्हाला पुढे आखावी लागली. पहिले सहा महिने बालकाला आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीदेखील, देऊ नये हा वैद्यकाचा सिद्धान्त एका बालरोगतज्ज्ञांनी दुकानात बसून अण्णांना समजावून दिला. सहाण आणि हात यांच्या अस्वच्छतेतून जंतू पोटात जातात, वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचे द्रव्य असून त्यापायी अमेरिकेत १९६८ साली खाद्यपदार्थांतील वेखंडाच्या वापरावर बंदी आली, आणि मध वर्षाच्या आतील मुलास मुळीच चाटवू नये, कारण त्यातील बोट्युलिनम जंतूंचे बीजाणू तान्ह्या आतड्यात वाढून पक्षाघातासारखा विकार करू शकतात, हेही सांगितले. महाबळेश्वरच्या डोंगरातला उत्तम मध आमच्या फडताळात सदैव असे आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. तरीही त्या दिवसापासून बाळासाठी मध मागणाऱ्यास तो देणे बंद झाले. एक आजी संतापून म्हणाल्या, ‘अहो, माझी पाच मुले याच्यावर वाढली.’ अण्णांनी हात जोडले आणि सांगितले, ‘खरे आहे आजी, ती पाच वाढली म्हणून आनंद आहे, पण हे सहावे आहे.’ परंपरेविषयीची निष्ठा आणि समोरच्या जिवाविषयीची जबाबदारी यांत विरोध आला तर कोणती बाजू घ्यावी, याचे इतके थोडक्यात दिलेले उत्तर मी अन्यत्र ऐकलेले नाही. बाळंतिणीच्या खोलीतील ओवा-बाळंतशेपांच्या धुरीबद्दलही हाच निर्णय झाला. दारे-खिडक्या बंद करून कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायूने आई आणि मूल दोघेही दगावू शकतात, हे त्या जिनसांसोबत प्रत्येकाला सांगितले जाऊ लागले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी दुकानाबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. आमच्या विक्रीतील मोठा भाग औषधांचा नव्हताच, तो अन्नाचा होता. थंडी पडू लागली की धावड्याचा व बाभळीचा डिंक, खारीक, गोडंबी, मेथ्या, अळीव, खसखस यांच्यासाठी गर्दी लोटे. उन्हाळ्यात सब्जा, वाळा आणि कोकणातून आलेली आमसुले जात. दिवाळीपूर्वी आंबेहळद, नागरमोथा, गवला कचरा आणि वाळा एकत्र करून उटणे कुटले जाई. आणि नाचणी तर बारमाही. शक्तीची पूड मागायला आलेल्या माणसाला अण्णा आधी त्याच्या घरचा स्वयंपाक विचारीत. एकदा खेड्यातली एक बाई आपल्या वयात आलेल्या मुलीसाठी टॉनिक मागत होती. मुलगी सकाळी चहाबरोबर बटर खाऊन शाळेत जाते आणि संध्याकाळी भाताखेरीज काही खात नाही, हे चौकशीत निघाले. अण्णा म्हणाले, ‘ताई, आधी सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासून घ्या, आणि तोवर हे घरी करा,’ आणि नाचणी, अळीव व मटकी यांच्या पुड्या तिच्या पिशवीत घातल्या. जेवणाबरोबर लिंबू पिळावे म्हणजे अन्नातील लोह अंगी लागते आणि जेवताना चहा पिऊ नये, कारण तो लोहाला अडवतो, हेही सांगितले. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि तितक्याच पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हा आकडा जाणल्यावर नाचणीची भाकरी सोडून कॅल्शियमच्या पुडीमागे धावणाऱ्या समाजाबद्दल खेद वाटल्यावाचून राहत नाही. महात्मा गांधींनी १९४६ च्या मार्च महिन्यात उरुळी कांचन येथे मुक्काम करून खेडुतांवर निसर्गोपचार केले आणि तेथील आश्रमाचे कार्य पुढे मणिभाई देसाई यांनी आजन्म वाहिले. त्या उपचारपद्धतीतही माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि साधा आहार यांवरच भर होता, दुर्मीळ मुळीवर नव्हता. रोजचे आरोग्य रोजच्या ताटात असते; पुडीचा क्रम त्यानंतरचा.

मग पुडीला एवढी कीर्ती कशी लाभते? या प्रश्नाचे उत्तर मला काविळीने दिले. आमच्या भागात काविळीवर देवडांगरीचे थेंब नाकात सोडण्याची प्रथा आहे. त्यामुळे नाकातून पिवळे पाणी अखंड गळते आणि रोग्याला वाटते की कावीळच बाहेर पडत आहे. वस्तुतः ते नाकाच्या दाहाचे पाणी असते. दूषित पाण्यातून होणारी सामान्य कावीळ बहुतांशी विश्रांतीने व काळजीने काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय मात्र शेवटी दिलेल्या उपायाच्या खात्यावर जमा होते. शंभरांतले बहुसंख्य बरे होतात म्हणून उपायाचा डंका वाजतो. उरलेल्यांत एखादी गर्भवती असते, आणि तिच्यासाठी ई प्रकारची कावीळ प्राणघातक ठरू शकते. म्हणून देवडांगरी मागणाऱ्याला ‘कोणासाठी?’ हा प्रश्न अण्णा उठून उभे राहून विचारीत, आणि उत्तर काहीही आले तरी ती देत नसत. डोळे पिवळे झालेल्या रोग्याला कित्येकदा त्यांनी रिक्षात घालून जिल्हा रुग्णालयात नेऊन पोहोचवले आहे, आणि त्या दिवशीची विक्री मी एकट्याने पाहिली आहे.

याचा अर्थ वनस्पती निर्बळ आहे, असा कोणी घेऊ नये. ती बलवान आहे म्हणूनच तिच्याशी हिशेबाने वागावे लागते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर पाहून १९४९ साली ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि वैद्यूंच्या झोळीतली ती मुळी जगभरच्या वैद्यकात दाखल झाली. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. तथापि त्याच द्रव्याने काही रुग्णांचे मन विषण्ण होते हेही पुढे निदर्शनास आले. मुळी तीच, रक्तदाबाच्या रोग्याला ती जीवदान, आणि आधीच खिन्न असलेल्या माणसाला ती घात. घसा साफ राहावा म्हणून दिवसभर ज्येष्ठमध चघळणारे एक कीर्तनकार आमच्याकडे येत. त्यांना रक्तदाबाचा विकार आहे असे विचारपुशीत कळले तेव्हा अण्णांनी ज्येष्ठमध बंद करून खडीसाखर व लवंग सुचवली, कारण ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने शरीरातील पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो.

गुळवेलीचा इतिहास तर या विषयावरील प्रवचनच आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शरदिनी डहाणूकर, ज्यांच्या झाडाफुलांवरील ललित लेखनाने मराठी वाचकाला निसर्गाकडे पाहायला शिकवले, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांना गुळवेल देऊन तिचा परिणाम तपासला. जंतुसंसर्ग कमी होऊन रुग्ण अधिक प्रमाणात वाचतात, असा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. तेथे वनस्पतीची ओळख पक्की होती, मात्रा मोजलेली होती, रुग्ण निवडलेला होता आणि त्याच्यावर रोज नजर होती. पुढे २०२० साली महामारी आली. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्यात चार भाग तुळस, दोन भाग सुंठ, दोन भाग दालचिनी आणि एक भाग मिरी असे प्रमाण होते, आणि तो दिवसातून एक-दोनदा घ्यावयाचा होता. परंतु भयग्रस्त माणसे प्रमाण विसरली, पाण्याऐवजी काढा पिऊ लागली, आणि छातीत आग पडल्याच्या तक्रारी घेऊन आमच्याकडेच आली. गुळवेलीचेही तेच झाले. निंबावर चढलेली दिसेल ती वेल लोक ओरबाडून नेत आणि महिनोन्‌महिने तिचा रस घेत. त्या वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली, आणि २०२१ साली त्यांनी ती नोंद प्रसिद्ध केली. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, सेवन केलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी तिची दुसरी जात, हे निश्चित केलेले नाही असे म्हटले. हा वाद विद्वानांनी चालवावा. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्यातून निघणारा आदेश दोन्ही बाजूंनी एकच आहे: वेल कोणती ते ठरव, घेणारा कोण ते विचार, किती दिवस ते सांग, आणि ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याला परत पाठव.

परत पाठवणे हे व्यापाराच्या दृष्टीने नुकसानीचे, पण या धंद्याचे तेच इमान. मधुमेहाच्या गोळ्या सोडून केवळ जांभळाच्या बियांच्या चूर्णावर राहू इच्छिणाऱ्या पाटलांना अण्णा म्हणाले होते, ‘चूर्ण न्या, पण गोळी सोडलीत तर पुढच्या खेपेला मी देणार नाही; आणि डॉक्टरांना दोन्ही सांगा, कारण दोन्ही मिळून साखर फार खाली गेली तर तेही वाईट.’ मधुमेह, कर्करोग इत्यादी व्याधी बऱ्या करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. पण कायद्याची भाषा अण्णांनी कधी वापरलेली मला आठवत नाही. त्यांना माणूस दिसत असे आणि तेवढे पुरत असे. त्यांच्या पश्चात गल्ल्यावर मी बसू लागलो, आणि त्याच सुमारास आमचे गिऱ्हाईक आकर्षक वेष्टनांतील तयार चूर्णांकडे आणि कॅप्सूलकडे वळले. या मालातही उत्तम आणि शुद्ध माल आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. स्वच्छता, मोजकी मात्रा आणि उत्पादनाची तारीख या बाबतींत तो आमच्या उघड्या खणांहून सरस आहे. मात्र वेष्टन प्रश्न विचारीत नाही. ते ज्याला त्याला, वाटेल तितके, वाटेल तितके दिवस विकले जाते, आणि ‘नैसर्गिक’ या एका शब्दाच्या बळावर चौकशीचे कर्तव्य रद्दबातल झाले असे सर्वांनीच गृहीत धरले आहे.

म्हणून माझे आग्रहाचे निवेदन दोन्ही पक्षांना आहे. ज्यांची घरगुती औषधांवर श्रद्धा आहे त्यांनी ती श्रद्धा जिनसावर न ठेवता, आपल्या आजीने ज्या सावधपणाने सहाणेवरचे वळसे मोजले त्या सावधपणावर ठेवावी. वनस्पतीचे नाव, मात्रा आणि मुदत माहीत नसेल तर ती घेऊ नये, घेत असल्यास डॉक्टरांपासून लपवू नये, आणि गर्भवती, तान्हे मूल व जुना रोगी यांच्यावर ऐकीव उपायांचे प्रयोग करू नयेत. ज्यांना हे सर्व त्याज्य वाटते त्यांनी रोग्याला ‘आणखी काय घेता?’ हा प्रश्न उपहासावाचून विचारावा, म्हणजे उत्तर खरे मिळेल. आणि नाचणी, अळीव, आमसूल, डिंक यांना औषध नव्हे पण अन्न म्हणून तरी पुन्हा ताटात स्थान द्यावे. आता दुकानात काम शिकायला एखादा तरुण आला तर मीही त्याला आधी पोती निवडायला बसवतो, मग मात्रेचे कोष्टक पाठ करून घेतो. आणि समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला त्याच्या प्रकृतीविषयी आदराने, न संकोचता विचारण्याचे धैर्य त्याच्या अंगी बाणल्यावरच तराजू त्याच्या हाती देतो.